गावाकडे उंच जोत्याचं बैठं घर: तयार घ्यावं की बांधावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दारव्हा तालुक्यातल्या गावी सत्तरीतल्या आईवडिलांसाठी बैठं घर हवं आहे. पावसाळ्यात नाल्याचं पाणी गल्लीत चढतं, म्हणून जोतं उंच पाहिजे. गावाच्या टोकाला, वावरात पाडलेल्या लेआउटमध्ये ४ फूट जोत्याचं, सहा वर्षांपूर्वी बांधलेलं घर विकाऊ आहे. शिवाय गावात तुमच्या आजोबांच्या पडक्या घराची जागा आहेच.

तुम्ही किमती लिहिल्या, खोल्या लिहिल्या, जोत्याची उंची लिहिली. खाली माती कोणती, ते मात्र लिहिलं नाही. माझ्या मते निकाल तिथेच लागतो.

मी २०१३ साली दिग्रसकडे वावराच्या धुऱ्याला लागून घर बांधलं. पाया खोदताना शेजारचे एक म्हातारे काका येऊन बसले. म्हणाले, "काय राजा, काळीत घर बांधून राह्यला का?" मी हसून विषय सोडून दिला. आपल्याकडे गावाला पांढरी आणि शेताला काळी म्हणतात, ते नुसतं बोलण्यापुरतं नाही हे मला पुढच्या दोन वर्षांत कळलं.

मे महिन्यात वावरातल्या भेगेत कोपरापर्यंत हात जातो, हे तुम्ही लहानपणी करून पाहिलं असेल. तीच माती घराखाली असली की पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. सगळं घर एकसारखं वर-खाली झालं असतं तर फारसं बिघडलं नसतं. पण घराच्या मधोमध ओल टिकते आणि कडा सुकतात, म्हणून कडा खाली बसतात आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते. खोल काळीत ही हालचाल सुमारे साडेतीन मीटरपर्यंत पोचते. आपला नेहमीचा चार-पाच फुटांचा पाया तिथे तरंगतच राहतो. त्यावर रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने बुडाशी फुगवटा असलेले पाईल (जमिनीत खोल ओतलेले काँक्रीटचे खांब) विकसित केले, ते उत्तम आहेत. पण खेड्यात ते नीट करणारा माणूस सापडेपर्यंत निम्मा उन्हाळा जातो.

माझी खरी चूक मात्र पायात नव्हती, जोत्यात होती. साडेतीन फूट जोतं धरलं होतं. ठेकेदार म्हणाला, मुरूम कशाला विकत आणता, बाजूच्या विहिरीची माती पडलीच आहे. मला पैसे वाचताना दिसले. पहिल्या पावसाळ्यात त्या मातीने पाणी ओढलं आणि मधल्या खोलीच्या फरश्या पापडासारख्या उचलल्या. पुढच्या मे महिन्यात ती सुकून बसली, तेव्हा भिंत आणि फरशीच्या मध्ये बोटभर फट. त्या फटीतून एक दिवस इंचू निघाला आणि घरात जे रामायण झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी दोन खोल्यांची फरशी फोडून सगळी माती उपसली आणि मुरूम भरला. वाचवले होते त्याच्या तिप्पट गेले.

म्हणून उंच जोतं पाहिलं की त्याच्या पोटात काय भरलंय हे आधी विचारा. ३० बाय ३० चं घर धरलं तर जोत्याच्या प्रत्येक फुटाला ९ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) भराव लागतो, म्हणजे ४ फुटांना ३६ ब्रास, आणि मुरूम धुमसल्यावर, म्हणजे ठोकून दाबल्यावर, बसतो म्हणून त्याहून बराच जास्त आणावा लागतो. सहा-सहा इंचांचे थर, पाणी, धुम्मस, मग पुढचा थर. विकायलाच बांधलेल्या घरात इतकं कोणी केलं असेल यावर माझा विश्वास नाही. तुमचा असेल तर तपासून बघा.

तपासायचं असं. मिस्त्रीला घेऊन जा आणि पाणी भरलेल्या लेव्हलच्या नळीने जोत्याचे चारही कोपरे मोजा. फरशीवर नाणं ठोका; बद्द आवाज आला तर खाली पोकळ आहे. दारांच्या वरच्या कडा हाताने चाचपा. पावसाळ्यात दार अडतं म्हणून सुताराने रंधा मारलेला असतो, ते लगेच कळतं. रंग ताजा असेल तर भिंती बघण्यात अर्थ नाही. कपाटामागे, गच्चीच्या कठड्याला, न्हाणीच्या बाहेरच्या बाजूला बघा. आणि मालकाला सांगा, जोत्याला लागून ३ फुटांचा खड्डा मी स्वखर्चाने खणतो नि बुजवूनही देतो. खाली मुरूम लागला तर घर विचार करण्यासारखं. काळीच लागत गेली, किंवा मालक खणूच देत नसेल, तर चहा पिऊन परत या. जमलं तर हे सगळं मे महिन्यात करा, पावसाळ्यात भेगा मिटलेल्या असतात.

आता आजोबांची जागा. ती पांढरीवर, म्हणजे काळीसारखी न फुगणाऱ्या गावठाणाच्या मातीवर आहे, त्यामुळे माझा कल तिकडे आहे. पण पांढरीतही एक घोळ असतो. जुन्या घरांच्या पोटात धान्याची पेवं, म्हणजे धान्य साठवायचे जमिनीतले खड्डे, असायची. ती कधी केरकचऱ्याने बुजवली हे कोणाला आठवत नाही. त्यामुळे आधी तीन-चार ठिकाणी खड्डे घ्या, पोकळ भराव सापडला तर तो पूर्ण काढा, आणि वरून-खालून बीम बांधून घ्या. गल्ली अरुंद असेल तर रेतीचा ट्रक आत येणार नाही, चौकात उतरवून ट्रॅक्टरने आणावी लागेल. तो खर्च आधीच धरा.

कागदांचं थोडक्यात. ग्रामपंचायतीचा नमुना ८ म्हणजे घरकराची नोंद आहे, तो मालकीचा पुरावा नाही. लेआउटच्या घरासाठी एनएचा (बिगरशेतीचा) आदेश बघितल्याशिवाय इसार देऊ नका. आजोबांच्या जागेवर आधी सगळ्या वारसांची नावं लावून घ्या. २०२० पासून स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी सुरू झाली आहे. तुमच्या गावची झाली असेल तर मिळकत पत्रिका काढा, सीमेचे निम्मे वाद तिथेच मिटतात.

राहिला उंचीचा प्रश्न. ४ फूट कुठून मोजले? ग्रामपंचायत दरवेळी जुन्या रस्त्यावरच नवा सिमेंट रस्ता ओतते, त्यामुळे जमिनीपासून मोजलेलं जोतं दहा वर्षांत रस्त्याच्या बरोबरीला येतं. रस्त्याच्या मध्यापासून मोजा. नदीला निळी-लाल पूररेषा असते, गावच्या नाल्याला कोण आखून देणार? जुलै २०२३ च्या पुरात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात हाहाकार झाला होता, तेव्हा तुमच्या गल्लीत पाणी कोणत्या पायरीला टेकलं होतं ते शेजारच्यांना विचारा. त्या खुणेच्या वर फूट-दीड फूट धरलं की पुरे.

त्याहून उंच करू नका, कारण घर आईवडिलांसाठी आहे. ४ फूट म्हणजे सहा इंचांच्या ८ पायऱ्या. पुढे वॉकर किंवा चाकाची खुर्ची लागली तर एक फूट चढायला १२ फूट लांबीचा उतार लागतो, म्हणजे ४८ फूट. एवढं अंगण लेआउटच्या घराला आहे का? आजोबांच्या जागेत अडीच फूट जोतं पुरत असेल तर ३० फुटांचा उतार मधे वळण देऊन बसेल, पाच रुंद पायऱ्या आणि कठडाही बसेल. खणून बघितल्यावर पांढरी चांगली निघाली तर मी तिथेच बांधीन. नाही निघाली आणि लेआउटच्या घराखाली मुरूम सापडला, तर ते घ्या, फक्त सौदा करायच्या आधी आईला त्या आठ पायऱ्या चढवून बघा.