वॉर्डातली नजर नियामकांकडेही हवी

प्रश्न – बी.एस्सी. नर्सिंगनंतर मी दोन वर्षं वॉर्डात काम केलं. सध्या इंग्लंडमध्ये हेल्थकेअर मॅनेजमेंटमध्ये एम.एस्सी. करते आहे. आरोग्य आणि सामाजिक सेवा देणाऱ्या संस्थांवर देखरेख ठेवणारे नियामक एकमेकांना माहिती कशी देतात, या विषयावर प्रबंध करायचा आहे आणि मी त्यात रमले आहे. बाबा म्हणतात, हे नुसतं कागदी काम, नर्स म्हणून नोंदणी कर आणि नोकरीला लाग. यात खरंच करिअर आहे का?

उत्तर – आहे. पण बाबांचा नोंदणीचा आग्रहही चुकीचा नाही, त्याकडे मी येतेच.

कागदी काम म्हणणाऱ्या कुणालाही मी आधी इंग्लंडमधल्या स्टॅफर्डची हकिकत सांगते. तिथल्या हॉस्पिटलात २००५ ते २००९ या काळात रुग्णांची भयंकर आबाळ झाली. रॉबर्ट फ्रान्सिस यांचा चौकशी अहवाल फेब्रुवारी २०१३ मध्ये आला, त्यात २९० शिफारशी होत्या. तिथे देखरेख करणाऱ्या संस्थांची काही कमतरता नव्हती. प्रत्येकीच्या हाती थोडीफार माहिती होती, पण बघायचं काम दुसरं कुणीतरी करत असेल असं जो तो धरून चालला. इयन पॅटरसन या सर्जनचंही तेच. ते सरकारी आणि खासगी अशा दोन्हीकडे स्तनांच्या शस्त्रक्रिया करत. सहकाऱ्यांनी २००३ मध्येच शंका बोलून दाखवली होती, तरी ते २०११ पर्यंत काम करत राहिले. एकीकडची माहिती दुसरीकडे पोचत नव्हती.

आता तुझ्या ओळखीचं उदाहरण घेऊ. समज, एका केअर होममध्ये राहणाऱ्या आजींना तिथेच असताना तिसऱ्या श्रेणीचा बेडसोर, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणारी खोल जखम, झाला. ही खबर संस्थेने इंग्लंडमधल्या आरोग्य आणि सामाजिक सेवा संस्थांची तपासणी करणाऱ्या केअर क्वालिटी कमिशनला, म्हणजे सीक्यूसीला, कायद्यानेच द्यायची असते. त्याच सुमारास तिथली एक नर्स औषधांच्या नोंदी नीट करत नाही, अशी तक्रार नर्सच्या नियामकाकडे, म्हणजे एनएमसीकडे, गेली. तिसऱ्याच एका कुटुंबाने ‘रात्री बेल वाजवली तरी कुणी येत नाही’ म्हणून सेवेबद्दलच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या ऑम्बुड्समनकडे अर्ज केला. सुटं सुटं पाहिलं तर एक जखम, एक निष्काळजी नर्स, एक नाराज कुटुंब. तिन्ही कागद एका टेबलावर आले की तुझ्यासारखीला दिसेल की रात्रपाळीला माणसंच पुरेशी नाहीत. कूस बदलायला कुणी नाही, नोंदी करायला वेळ नाही. मग त्या एकट्या नर्सवरच्या कारवाईकडेही वेगळ्या नजरेने पाहावं लागतं. या विषयाचा जीव इथे आहे, असं मला वाटतं.

हे कागद एका टेबलावर यावेत म्हणूनच २०१८ मध्ये ‘इमर्जिंग कन्सर्न्स प्रोटोकॉल’ आला. सीक्यूसी, जीएमसी (डॉक्टरांचा नियामक), एनएमसी, ऑम्बुड्समन वगैरे संस्थांनी तो मान्य केला. शंका पुरती सिद्ध झालेली नसली तरी ती इतरांच्या कानावर घालावी, आणि गरज वाटल्यास कुणीही सगळ्यांची बैठक बोलवावी, असं तो सांगतो. गोपनीयतेचं काय, हा प्रश्न तुला व्हायव्हात हमखास विचारतील. डेटा संरक्षण कायदा माहिती देऊच नका असं म्हणत नाही. कायदेशीर आधार हवा, आणि गरजेपुरतीच माहिती द्यायची. रुग्णांची माहिती कशी हाताळायची हे सांगणाऱ्या कॅल्डिकॉट तत्त्वांमध्ये २०१३ मध्ये सातव्या तत्त्वाची भर पडली. रुग्णाची गोपनीयता जपण्याइतकंच माहिती योग्य ठिकाणी पोचवणंही महत्त्वाचं असू शकतं, असं ते सांगतं. ते नीट वाचून ठेव.

नोकऱ्यांचं बोलू. सीक्यूसीमध्ये निरीक्षक आणि माहितीचं विश्लेषण करणारे लोक असतात. एनएमसी, जीएमसीमध्ये तक्रारींची छाननी करणारे आणि हॉस्पिटलांशी थेट संपर्क ठेवणारे लोक लागतात. हॉस्पिटलांमध्ये क्लिनिकल गव्हर्नन्स (उपचारांच्या दर्जावर देखरेख), सेफगार्डिंग (दुबळ्या रुग्णांचं छळ-आबाळीपासून संरक्षण) आणि रुग्णसुरक्षेचे विभाग आहेत. नियामकांकडच्या जागा थोड्या, आणि तिथे अनुभव मागतात. शिकल्या शिकल्या तिथेच नोकरी मिळेल असं मी तुला सांगणार नाही. हॉस्पिटलातून तिकडे जाणं जास्त शक्य आहे.

तुझी वॉर्डातली दोन वर्षं इथे फार मोलाची आहेत. पेनी डॅश यांनी सीक्यूसीच्या कारभाराचा आढावा घेतला, तो ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातला एक मोठा आक्षेप असा की, ज्या क्षेत्राची तपासणी करायची त्याची जाण असलेले लोक कमी पडतात. डॅशबोर्ड बनवणारे पुष्कळ मिळतील. औषधांचा चार्ट एकाच पेनाने, एकाच बैठकीत भरलेला आहे, म्हणजे नोंदी वेळच्या वेळी झालेल्या नाहीत, हे नर्सच्याच लक्षात येतं.

म्हणून नोंदणी करच. सीबीटी (कॉम्प्युटरवरची) आणि ओएससीई (प्रात्यक्षिक) या दोन्ही परीक्षा दे, इंग्रजीच्या अटीची कागदपत्रं आत्ताच गोळा कर. इथल्या वॉर्डात काही वर्षं काम कर, आणि तेव्हा घटना-नोंदणी, ऑडिट, सेफगार्डिंग अशी कामं मागून घे. सगळे ती टाळतात, त्यामुळे मागणाऱ्याला सहसा मिळतात. पुढे नियामकांकडे अर्ज करशील तेव्हा व्हिसा स्पॉन्सर करणार का, हे आधी विचार. बाबांची काळजी मुख्यतः तीच असणार, आणि ती रास्त आहे.

राहिला प्रबंध. ‘नियामकांमधली माहितीची देवाणघेवाण’ हा विषय एका वर्षात आवाक्यात येणार नाही. मी सुचवेन की केअर वर्करांवर, म्हणजे केअर होमसारख्या ठिकाणी लोकांची रोजची काळजी घेणाऱ्यांवर, लक्ष केंद्रित कर. डॉक्टर-नर्सना नियामक आहे, पण इंग्लंडमध्ये केअर वर्करांची व्यावसायिक नोंदणीच नाही. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये ती आहे. इंग्लंडमध्ये एखाद्याने रुग्णाला इजा केली म्हणून त्याला काढून टाकलं, तर मालकाने ते डीबीएसला, म्हणजे अशा कामाला कुणाला मनाई करायची हे ठरवणाऱ्या सरकारी संस्थेला, कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. ते कळवलं नाही, तर पुढच्या केअर होमला कळणार कसं? ही फट कुठे कुठे राहते, ते तपास. संस्थांमधले करार, प्रोटोकॉल, त्यांच्या मंडळांच्या बैठकांचे कागद वेबसाइटवर उघडपणे मिळतात. मुलाखतींच्या परवानग्यांना वेळ लागतो, तेव्हा सुरुवात या कागदांपासून कर आणि पहिला आराखडा तयार झाला की मला पाठव.