नुकसान कोणाचं धरलं?

अनेक आशीर्वाद.

अमेरिकेतल्या स्पर्धाविषयक कायद्यांची तू काढलेली सनावळी वाचली. १८९० मक्तेदारीविरोधी शर्मन कायदा, १९११ स्टँडर्ड ऑइल या तेल कंपनीचे ३४ तुकडे, १९१४ फेडरल ट्रेड कमिशन, म्हणजे व्यापारातल्या स्पर्धेवर नजर ठेवणारा आयोग. एकही सन चुकलेलं नाही, पण एवढ्यानं हाती काही लागत नाही. प्रत्येक सनापुढे एक प्रश्न लिही : इथे नुकसान कोणाचं धरलं?

शर्मन कायदा ट्रस्टांना, म्हणजे अनेक कंपन्या एका मुठीत आणणाऱ्या मक्तेदार गटांना, आवरायला आला. पण १८९५ मध्ये साखर शुद्धीकरणाचा जवळजवळ सगळा धंदा एका कंपनीकडे गेला, तेव्हा सर्वोच्च न्यायालय म्हणालं, उत्पादन म्हणजे व्यापार नव्हे, म्हणून हा कायदा इथे लागू नाही. उलट १९०८ मध्ये टोप्या बनवणाऱ्या कामगारांच्या संघटनेनं पुकारलेला बहिष्कार त्याच कायद्यात बसवला गेला! कायदा कोणासाठी केला आणि कोणावर चालला, हे नेहमी वेगवेगळं तपासावं.

१९१४ मध्ये काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकेच्या संसदेनं, स्पर्धेच्या अनुचित पद्धती बेकायदा ठरवल्या, पण त्यांची यादी मुद्दाम दिली नाही. माणसाच्या डोक्यातून नव्या युक्त्या निघतच राहणार, यादी कधी पुरी होणार नाही, असं त्यांचं म्हणणं. ठरवायचं काम फेडरल ट्रेड कमिशन या पाच सदस्यांच्या आयोगावर सोपवलं. वकिलांना हे आवडत नाही, कारण अशिलाला नक्की सीमा सांगता येत नाही. मला मात्र तो निर्णय शहाणपणाचा वाटतो.

आता खरी गंमत. १९२२ च्या विन्स्टेड होजियरी कंपनीच्या खटल्यात काही कपड्यांत जेमतेम १० टक्के लोकर होती आणि लेबलवर 'मेरिनो', 'वूल'. 'आमच्या धंद्यात हे सगळ्यांना ठाऊक आहे,' हा कंपनीचा बचाव. न्यायमूर्ती ब्रँडाइस यांनी तो मानला नाही : गिऱ्हाइकाला ते ठाऊक नसतं, आणि त्याच्या फसगतीमुळे प्रामाणिक उत्पादकाचा माल मागे पडतो. नीट बघ, गिऱ्हाईक फसलं, पण आयोगाला हात घालता आला तो प्रतिस्पर्ध्याच्या नुकसानीमुळे.

तो धागा १९३१ मध्ये तुटला. रालाडॅम कंपनी लठ्ठपणावर 'मार्मोला' नावाचं औषध विकायची. त्यात थायरॉईडचा अर्क, आणि जाहिरातीत मात्र निर्धोकपणाची हमी. आयोगानं मनाई केली. न्यायालयानं ती रद्द केली, कारण एकाही प्रतिस्पर्ध्याचं नुकसान सिद्ध झालं नव्हतं. औषध घेणाऱ्याच्या प्रकृतीचं काय, हा प्रश्न १९१४ च्या त्या कलमात बसतच नव्हता. तो बसवायला १९३८ ची व्हीलर-ली दुरुस्ती यावी लागली. तिनं फसव्या व्यवहारांनाही बंदी घातली, मग प्रतिस्पर्धी असो वा नसो.

हीच कंपनी १९४२ मध्ये पुन्हा सर्वोच्च न्यायालयात आली आणि हरली. दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाच. दुसऱ्या निकालातही भर प्रतिस्पर्ध्यांच्या नुकसानीवरच का, त्याचं तुझं उत्तर मला लिहून पाठव. मग १९३६ चा रॉबिन्सन-पॅटमन कायदा घेऊ, एकाच मालाला वेगवेगळ्या खरेदीदारांकडून वेगवेगळे भाव घेण्याविरुद्धचा. तिथे साखळी दुकानांना मिळणाऱ्या सवलतींपुढे छोटा दुकानदार उभा आहे, आणि गिऱ्हाइकाचं हित नेमकं त्याच्या विरुद्ध बाजूला असू शकतं.