‘कटसिद्धान्त’ या शब्दातच खोटेपणा गृहीत आहे का?

प्रश्न असा आला आहे : एखाद्याचे म्हणणे ‘कटसिद्धान्त’ ठरवले की ते अविवेकी असल्याचे शब्दातच सांगून झाले का? आणि तसे असेल, तर पुढे खऱ्या निघालेल्या कटाविषयी आधीपासून बोलणाऱ्याला काय म्हणावे?

मराठीतल्या जुन्या शब्दांत खरेखोटेपणाचा असा निवाडा नाही. ‘कट’ हा शब्द आरोपालाही लागतो आणि शाबीत गुन्ह्यालाही. नारायणराव पेशव्यांचा १७७३ मध्ये खून झाला, रामशास्त्र्यांनी रघुनाथरावांना दोषी ठरवले. तो कटच होता. आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ केला, या सर्वतोमुखी असलेल्या गोष्टीबद्दल मात्र इतिहासकारांनी शंका घेतली आहे. त्यानंतरच्या ‘बारभाईंच्या कारस्थाना’त तर निंदेचाही सूर नाही.

अडचण ‘सिद्धान्ता’मुळे होते. सिद्धान्त म्हणजे पुराव्यांती निश्चित झालेला निष्कर्ष. पण इंग्रजी ‘कॉन्स्पिरसी थिअरी’वरून घडवलेल्या या जोडशब्दात तो नेमका अप्रमाण गोष्टीला चिकटला आणि ऐकणारा पुरावा न पाहताच तिला बाजूला सारू लागला. हे मला धोक्याचे वाटते.

अमेरिकेतील टस्कीगीचे उदाहरण घ्यावे. अमेरिकी सरकारच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने १९३२ पासून अलाबामात सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर एक अभ्यास चालवला. त्यांतील सुमारे ४०० जणांना सिफिलिस होता. त्यांना आजाराचे खरे नाव न सांगता ‘रक्त दूषित आहे’ एवढेच सांगितले गेले आणि १९४०च्या दशकात पेनिसिलिनचा गुण सिद्ध झाल्यावरही, रोग कसा वाढतो हे पाहण्यासाठी, त्यांना ते मुद्दाम दिले गेले नाही. १९७२ मध्ये वृत्तपत्रांतून बोभाटा झाला, तेव्हा कुठे हा प्रकार थांबला. त्याआधी एखाद्या रुग्णाच्या नातेवाइकाने ‘सरकारी डॉक्टर जाणूनबुजून औषध देत नाहीत’ असा संशय घेतला असता, तर तो वाजवीच ठरला असता. कारण उपचारांनी गुण येत नसल्याचे त्याला दिसत होते आणि दुसऱ्या डॉक्टरकडून तपासणी करून घेतल्यास त्याचा संशय खरा किंवा खोटा ठरू शकत होता. विशेष म्हणजे या अभ्यासाचे अहवाल वैद्यकीय नियतकालिकांत छापूनही येत होते. तेव्हा ‘इतकी मोठी गोष्ट लपून राहणारच नाही’ हा नेहमीचा आक्षेपही येथे पुरेसा ठरत नाही.

१९६९ ची चांद्रस्वारी बनावट होती, हे म्हणणे या जातीचे नाही. चंद्रावरून आणलेले दगड निरनिराळ्या देशांतील शास्त्रज्ञांनी तपासले, हे दाखवले की ते शास्त्रज्ञही सामील ठरतात. प्रतिस्पर्धी सोव्हिएत संघानेही आक्षेप घेतला नाही, म्हटले की त्यांचेही संगनमत ठरते. विरोधी पुरावा कटाच्याच पोटात घालणारी ही रीत अविवेकी आहे. नुसता कटाचा संशय घेणे अविवेकी नाही.

म्हणून लिहिताना ‘कटाचा संशय’, ‘कटाचा आरोप’ किंवा थोडे शास्त्रीय लिहायचे असल्यास ‘कटाची उपपत्ती’ असे म्हणावे, आणि पुरावा तपासून ती गोष्ट खोटी ठरल्यावर ‘आवई’ किंवा ‘कंडी’ हे शब्द बेलाशक वापरावेत. ‘कटसिद्धान्त’ आता रुळला आहे, तो हटणार नाही. पण तो वापरणाऱ्याने त्याच वाक्यात किंवा निदान पुढच्या वाक्यात, ते म्हणणे कोणत्या पुराव्यापुढे टिकत नाही, हे सांगितलेच पाहिजे.