आजोळच्या घरात पाहुणे ठेवण्यापूर्वी

गिरगाव, मुंबई

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

नोकरी सोडून अलिबागजवळच्या आजोळच्या घरात पाहुण्यांसाठी खोल्या काढण्याचा तुझा बेत मला मनापासून आवडला, मात्र ‘तिथे वेळ थांबलेली असते’ हे तुझ्या पत्रातील वाक्य खटकले. भर दुपारी बंद दुकाने पाहून मुंबईकराला तसे वाटते खरे; पण पहाटे बंदरावर मासळी घेऊन उन्हे चढेपर्यंत ती विकणाऱ्या बाईची ती हक्काची विश्रांती असते, आणि पाहुण्याला तीन वाजता ताजी सुरमई हवी म्हणून ती मोडण्याचा पायंडा तू पाडू नयेस.

तिथला दिवस भरती-ओहोटीवर चालतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण निघते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे: चतुर्थीला भरती तीनच्या सुमारास, म्हणून ओहोटी नऊच्या आसपास. अष्टमीच्या सुमारास भांगाचे पाणी असते, ते फारसे मागे हटत नाही. म्हणून 1680 साली शिवाजी महाराजांनी बांधायला घेतलेल्या, अलिबागसमोर समुद्रात असलेल्या कुलाबा किल्ल्यात पाहुण्यांना पायी पाठवण्यापूर्वी पंचांग पाहा आणि घोडागाडीवाल्यांनाही विचारून घे. तरुणपणी मी ते केले नाही. किल्ल्यात रेंगाळलो आणि परतताना पाणी कमरेला लागले. सोबत लहान मुले होती, ही गोष्ट अजून मनातून जात नाही.

विजेच्या ट्रामचा उपद्रव उपकरणांना होईल म्हणून मुंबईच्या कुलाब्यातील चुंबकीय वेधशाळेचे काम 1904 मध्ये अलिबागला हलवले गेले. शहरातील वाहनांपासून दूर म्हणून तेव्हा अलिबाग निवडले; आज मात्र भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट 2020 पासून मोटारीच पलीकडे नेते, आणि शनिवार-रविवारची गर्दी त्या अरुंद रस्त्यांना पेलवत नाही. तुझ्या पाहुण्यांना शक्यतो आठवड्याच्या मधल्या दिवशी बोलाव, भाडे थोडे कमी घे.

सर्वांत अधिक काळजी मला विहिरीची वाटते. किनाऱ्यालगत जमिनीखाली गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. पंपाने उपसा वाढला की खालचे खारे पाणी वर चढते आणि त्याचा फटका तुझ्या आजोबांच्या नारळी-पोफळीला आणि शेजाऱ्यांच्या विहिरींनाही बसतो. म्हणून दोनच खोल्या काढ. पोहण्याच्या तलावाचा विचार सोडून दे, कोणी कितीही आग्रह केला तरी.

1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते आणि पावसाळ्यात गेटवेच्या प्रवासी लाँचही बंद राहतात. त्या दिवसांत बाहेरची बर्फातली मासळी ताजी म्हणून वाढू नकोस. सुकट, वालाचे बिरडे आणि उन्हाळ्यात शेतकऱ्याकडून घेऊन टांगून ठेवलेल्या पांढऱ्या कांद्याच्या माळा पुरेशा आहेत.

मे महिन्यात एकटा जा, आठ दिवस राहा, रोज सकाळी दोर सोडून विहिरीतील पाणी मोज आणि ते आकडे मला कळव. खोल्यांच्या खर्चाचे आपण त्यानंतर बोलू.

तुझा,
काका