अ‍ॅब्लेशन केलं, तरी धडधड परत का आली?

प्रश्न : माझे मिस्टर ६२ वर्षांचे, एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त. बीपी आणि शुगर दोन्ही आहे. तीन वर्षांपासून मधूनमधून ठोके बेताल होतात. कागदावर ‘एट्रियल फिब्रिलेशन’ लिहिलंय. ठोके ताळ्यावर ठेवणाऱ्या अमियोडॅरोनच्या गोळीनं थायरॉइड बिघडला म्हणून ती बंद केली. मार्चमध्ये एफडी मोडून, हृदयात तार घालून आतून डागतात ते कॅथेटर अ‍ॅब्लेशन करून घेतलं. ‘आता कायमचं बरं,’ असं सांगितलं होतं. पाचव्या आठवड्यातच पुन्हा धडधड झाली, मग थांबली. आता सात महिन्यांनी पंधरा दिवसांत दोनदा झाली. डॉक्टर म्हणतात, पुन्हा करू. भावकी म्हणते, फसवलं. पैसे वाया गेले का? आणि अ‍ॅब्लेशन झालंच आहे, तर रक्त पातळ करायची गोळी थांबवू का? ती महाग पडते. – एक वाचक, भुदरगड तालुका

उत्तर : ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो सगळ्यांत धोक्याचा आहे. गोळी थांबवू नका. ठोके बेताल असताना हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्याच्या एका कोपऱ्यात रक्त साचून गुठळी होते आणि ती मेंदूत गेली की लकवा. अ‍ॅब्लेशननंतर निदान दोन महिने तर ही गोळी प्रत्येकालाच घ्यावी लागते. त्यापुढे ती चालू ठेवायची की नाही, हे वय, बीपी, शुगर, पूर्वीचा लकव्याचा झटका यांवरून ठरतं. अ‍ॅब्लेशन झालं की नाही यावरून नाही. तुमच्या मिस्टरांना बीपी आणि शुगर दोन्ही आहे, त्यामुळे त्यांना ती लागणारच. महाग पडते हे डॉक्टरांना न लाजता सांगा. जेनेरिक मिळतात. वॉरफरिन तर खूपच स्वस्त, फक्त तिच्यासाठी ठरावीक दिवसांनी रक्त तपासावं लागतं.

आता ‘फसवलं’बद्दल. मी राधानगरीकडे भाताच्या खाचरांत वाढले, तेव्हा तुम्हाला बांधाच्याच भाषेत सांगते. फ्रान्समधल्या बोर्दो शहरात डॉ. मिशेल ऐसागेर यांच्या गटानं ४५ रुग्णांच्या हृदयात तारा घालून पाहिलं, की ही बेताल सुरुवात होते तरी कुठून. त्यांना अशा ६९ जागा सापडल्या आणि त्यांतल्या ६५ फुप्फुसांकडून हृदयात येणाऱ्या शिरांमध्ये होत्या! १९९८ साली हे प्रसिद्ध झालं आणि आमचं शास्त्रच बदललं. आज तुमच्या मिस्टरांच्या जांघेतल्या शिरेतून तार वर नेऊन जे करतात ते एवढंच : त्या चार शिरांच्या तोंडाभोवती उष्णतेनं किंवा थंडीनं डागून गोल बांध घालायचा. शिरेत ठिणगी पडली तरी ती बांधाच्या आतच राहते, हृदयात उतरत नाही.

पण बांध आणि खेकडा यांचं नातं तुम्हाला मी काय सांगायचं? संध्याकाळी लिंपलेला बांध पक्का वाटतो, सकाळी पाहावं तर एवढंसं भोक आणि अर्धं खाचर रिकामं. इथंही तसंच. डागलं त्या दिवशी आजूबाजूचा स्नायू सुजतो, ठोक्यांची वीज जात नाही, पडद्यावर सगळं बंद दिसतं. काही आठवड्यांनी सूज उतरते, आणि जिथं डाग पुरता आरपार गेलेला नव्हता तिथला स्नायू पुन्हा जागा होतो. पाचव्या आठवड्यातली धडधड आम्ही हिशेबात धरत नाही. पहिले दोन-तीन महिने जखम भरण्याचे असतात. सातव्या महिन्यातली मात्र धरतो.

तेव्हा पैसे वाया गेले असं मी म्हणणार नाही. ‘कायमचं बरं’ हे ज्यानं सांगितलं, त्यानं मात्र चुकीचं सांगितलं. मधूनमधून येणाऱ्या दुखण्यात एका अ‍ॅब्लेशननंतर वर्षभर साधारण दहातले सात जण ठीक राहतात. ठोके सतत बेतालच असतील तर त्याहून कमी. हे आधी सांगायला दोन मिनिटं लागतात.

दुसऱ्यांदा करायला हो म्हणण्याआधी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा : ‘आत गेल्यावर चारही शिरा बंदच आहेत असं दिसलं, तर मग कुठे डागणार?’ भोक सापडलं तर तेवढंच बुजवायचं असतं, ते काम तसं सरळ. पण बांध शाबूत असूनही पाणी जात असेल, तर पुढे कुठे डागावं यावर आमच्यात अजून एकमत नाही. या प्रश्नावर जो डॉक्टर थोडा थांबून बोलेल, त्याच्यावर माझा जास्त विश्वास बसेल.

धोकाही ऐकून ठेवा. साधारण शंभरात एकाला हृदयाभोवती रक्त साचतं. ते बहुतेकदा तिथल्या तिथे काढता येतं. अन्ननलिका हृदयाला पाठीमागून अगदी चिकटून असते, तिला झळ लागून भोक पडणं फार दुर्मीळ, पण जीवघेणं. नंतरच्या दीड-दोन महिन्यांत ताप, गिळताना दुखणं किंवा बोलणं अडखळणं असं काही झालं तर गावात सलाईन लावून थांबू नका, अ‍ॅब्लेशन झालंय हे सांगा, आणि एण्डोस्कोपीला नकार देऊन आधी छातीचा सीटी स्कॅन मागा. विजेच्या अगदी क्षणिक झटक्यांनी डागायची नवी पद्धत आली आहे, ती अन्ननलिकेला पुष्कळ जपते. ठोके नीट राहण्याचं प्रमाण मात्र जुन्या पद्धतीइतकंच आहे.

आणि मिस्टर घोरतात का? वजन किती? पत्रात दोन्ही नाही, आणि दोन्हींचा ठोक्यांशी संबंध असतो. ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडमध्ये अशा स्थूल रुग्णांचा अभ्यास झाला. ज्यांनी दहा टक्के किंवा जास्त वजन उतरवलं, त्यांचे ठोके नीट राहण्याची शक्यता बाकीच्यांच्या सहापट निघाली. याला एफडी मोडावी लागत नाही.

प्रश्न : वडील ६८. जुना हार्ट अटॅक, पंपिंग ३० टक्के, ठोके जीवघेणे बिघडले की आतून शॉक देणारं आयसीडी यंत्र बसवलंय. मागच्या महिन्यात एका रात्रीत चार शॉक बसले. अ‍ॅब्लेशन केलं तर यंत्र काढता येईल का? आई आता त्यांच्या शेजारी झोपायला घाबरते. – एक वाचक, फलटण

उत्तर : नाही, यंत्र राहणार. अटॅकनंतर हृदयाच्या खालच्या कप्प्यात जो व्रण उरतो, त्यात जिवंत स्नायूचे बारीक धागे असतात. वीज त्यांतून गरगर फिरते. अ‍ॅब्लेशननं ते धागे तोडले की शॉक कमी होतात, पण पंपिंग ३० असताना राखणदार हवाच. काहींमध्ये ही वाट हृदयाच्या बाहेरच्या अंगाला असते. छातीच्या हाडाखालून सुई घालून तिथवर जायची युक्ती ब्राझीलमध्ये डॉ. एदुआर्दो सोसा यांनी १९९६ साली मांडली. तुमच्या वडिलांना बहुधा आतूनच भागेल.

एक शॉक बसून बरं वाटत असेल तर दुसऱ्या दिवशी फोन करा. लागोपाठ दोन बसले, किंवा एकानंतरही छातीत दुखलं, चक्कर आली, तर त्याच क्षणी गाडी काढा. आणि आईंना सांगा, खुशाल शेजारी झोपा. हात धरलेला असताना शॉक बसला, तरी फार तर हाताला मुंग्या येतील.