मेळ्यातल्या बेकिंग स्पर्धेसाठी ॲपल पाय: खालची पारी ओली राहू नये म्हणून काय करावं?

पहिल्यांदाच स्पर्धेत भाग घेताय आणि घरी केलेल्या ॲपल पायची, म्हणजे मैद्याच्या दोन पाऱ्यांत सफरचंदाचं सारण भरून भाजलेल्या पदार्थाची, खालची पारी दर वेळी ओली राहते, असं तुम्ही लिहिलंय. नेमकं तिकडेच लक्ष द्या. वरची नक्षी सगळेच छान करतात, पण परीक्षक तुकडा कापून उलटा करून बघतात आणि तिथे बरेच पाय मागे पडतात.

आधी नियमपत्रक नीट वाचा. भांड्याचा आकार, एकदाच वापरायचं फॉइलचं भांडं लागतं का, सोबत पाककृती लिहून द्यायची का, हे सगळं त्यात असतं. फ्रीजमध्ये ठेवावे लागणारे कस्टर्डचे किंवा क्रीमचे पाय अनेक ठिकाणी घेतच नाहीत. त्यामुळे सफरचंद निवडलंत ते योग्यच केलंत.

९ इंची भांड्याला, वरच्या-खालच्या दोन्ही पाऱ्या धरून, ३१० ग्रॅम मैदा, २२५ ग्रॅम थंडगार बटर, एक चमचा मीठ आणि ९० ते १२० मिली बर्फाचं पाणी लागतं. बटर पूर्ण चोळून एकजीव करू नका, वाटाण्याएवढे तुकडे दिसत राहू द्या. ओव्हनमध्ये ते वितळतात, त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि पदर सुटतात. पीठ मळायचं तर अजिबात नाही, मुठीत दाबल्यावर गोळा धरला की पाणी थांबवा. जास्त मळलं की पारी चिवट होते आणि भाजताना कडेवरून खाली सरकते. दोन चपटे गोळे करून किमान तासभर फ्रीजमध्ये ठेवा.

आता सारण, कारण ओलाव्याचं मूळ इथे आहे. सोललेल्या सव्वा किलो आंबटसर, घट्ट सफरचंदांचे अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा किंचित जाड काप करा. त्यांना १५० ग्रॅम साखर, चिमूटभर मीठ, एक टेबलस्पून लिंबाचा रस आणि दालचिनी लावून पाऊण तास चाळणीत ठेवा, खाली भांडं असू द्या. सुटलेला रस आटवून पाकासारखा दाट करा, थंड झाला की कापांत परत घाला आणि दीड टेबलस्पून कॉर्नफ्लोअर मिसळा. यानं दुसराही फायदा होतो: काप आधीच आक्रसलेले असल्यामुळे वरची पारी आणि सारण यांच्यात पोकळी राहत नाही.

एक गोळा लाटून भांड्यात बसवा, सारण भरल्यावर लगेच दुसऱ्या लाटलेल्या पारीनं झाकून मुरड घाला, चिरा पाडा आणि २० मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा. तोवर ओव्हन २२० अंशांवर तापवा, सर्वांत खालच्या कप्प्यात जाड ट्रे आतच ठेवून. पाय त्या तापलेल्या ट्रेवरच ठेवायचा. फॉइलचं भांडं पातळ असतं, त्याला या ट्रेशिवाय खालून पुरेशी उष्णता मिळत नाही. ते उथळही असतं, म्हणून सारण उरलं तर उरू द्या, कोंबू नका. ओव्हनमध्ये ठेवण्याआधी अंड्याचा बलक दुधात फेटून वरच्या पारीवर अगदी पातळ हात फिरवा. मुरडीत साचला तर तिथे काळे डाग पडतात.

२० मिनिटांनी तापमान १९० वर आणा आणि पुढे ४० ते ५० मिनिटं भाजा. कडा आधी रंगल्या तर त्यांच्यावर फॉइलची पट्टी लावा. घड्याळापेक्षा चिरांकडे बघा: तिथला रस पाण्यासारखा खळखळत असेल तर कॉर्नफ्लोअर अजून शिजलेलं नाही, दाट बुडबुडे सावकाश फुटायला लागले की झालं. रंग सोनेरी झाला म्हणून घाईनं बाहेर काढणं, ही मला सर्वांत महागात पडणारी चूक वाटते. गडद तपकिरी होऊ द्या.

जाळीवर किमान चार तास निवू द्या. त्याआधी कापला तर सारण वाहतं, आणि कोमट असताना झाकलं तर वाफेनं वरची पारी नरम पडते. म्हणून देण्याच्या वेळेवरून मागे मोजून भाजायची वेळ ठरवा. शक्य असेल तर आठवडाभर आधी त्याच ओव्हनमध्ये, त्याच भांड्यात एक पाय करून कापून बघा.

नेताना भांड्याची कड ओल्या कपड्यानं पुसा आणि सपाट खोक्यात, खाली न घसरणारं कापड घालून ठेवा. मांडीवर धरून नेऊ नका, वळणावर भांडं कललं की मुरड तुटते.