मोरांडीच्या त्याच त्या बाटल्यांमध्ये एवढं काय आहे?

तुम्ही विचारलंय की हा इटलीचा जॉर्जो मोरांडी जन्मभर बाटल्या, डबे आणि वाडगेच रंगवत बसला, सगळी चित्रं सारखीच दिसतात, आपल्या इंटरमिजिएटच्या परीक्षेतलं स्थिरचित्र याच्यापेक्षा बरं असतं, मग एवढा उदोउदो कशाला? रास्त प्रश्न आहे. मी फोनवर पहिल्यांदा बघितलं तेव्हा मलाही हेच वाटलेलं, वर एक जांभईपण आली होती.

पण फोनवर त्याच्या चित्राचं खरंच काही उरत नाही हो. मळकट पांढरा, राखाडी, फिका विटकरी, शिळ्या सायीसारखा पिवळसर, सगळे रंग एकमेकांच्या इतके जवळचे की स्क्रीनचा उजेड ते खाऊनच टाकतो. मी कामासाठी इटलीतल्या बोलोन्याला गेलेलो, एक दुपार मोकळी मिळाली म्हणून माम्बोत शिरलो, म्हणजे तिथलं आधुनिक कलेचं म्युझियम, मोरांडीचा संग्रह २०१२ पासून तिथंच ठेवलाय. चित्रं बघून आधी हसूच आलं, कारण बरीचशी एवढीएवढीशी, शाळेची फूटपट्टी आडवी धरली तर थोडीशीच बाहेर राहतील अशी.

त्यातल्या एकापुढे अडकलो. १९५० च्या दशकातलं, नाव अर्थातच 'नातुरा मोर्ता', त्याच्या बहुतेक सगळ्या वस्तुचित्रांचं नाव तेच, इटालियनमध्ये स्टिल लाइफला तसंच म्हणतात, शब्दशः मेलेला निसर्ग. मधे ती लांब मानेची पांढरी बाटली, अंगावर उभ्या पन्हळी असलेली (ती त्याच्या कितीतरी चित्रांत भेटते, ओळखीच्या काकूंसारखी), आणि तिला खेटून दोन-तीन डबे. आधी वाटलं नीट काढलेलं नाही. डब्याची वरची कड आणि टेबलाची मागची कड बरोबर एका रेषेत आणलेली, त्यामुळे डबा कुठे संपला आणि भिंत कुठे सुरू झाली ते कळेना. बाटलीची कड तर थरथरतेय, आणि जवळ जाऊन बघितलं तर मागच्या भिंतीचा रंग बाटलीच्या अंगावर किंचित चढलाय, म्हणजे भिंतच बाटलीला ढकलतेय. आणि दोन वस्तूंमधली जी फट असते ना, आपण जी रिकामी समजतो, ती त्याने एखाद्या वस्तूइतक्याच जाड रंगाने भरलीय. थोडा वेळ बघत राहिलात की ती फट पुढे येते आणि बाटली मागे जाते, मग परत उलटं. मी तिथे किती वेळ उभा होतो माहीत नाही, गार्ड दोनदा फेरी मारून गेला.

परीक्षेचं म्हणाल तर आपल्याला काय शिकवलं होतं, काचेवर चकाकी दाखवा, स्टीलच्या तांब्यावर हायलाइट सोडा, छाया गडद करा, मार्क मिळतील. हा माणूस नेमकी ती चकाकीच मारून टाकायचा. बाटल्यांच्या आत रंग ओतायचा, लेबलं काढून टाकायचा, डब्यांना बाहेरून मॅट रंग फासायचा, वर धूळ बसायची ती बसू द्यायचा. काच काचेसारखी राहिली नाही, पत्रा पत्र्यासारखा राहिला नाही, मग उरतं काय तर आकार, उजेड आणि कोण कोणाला किती खेटलंय. माझ्या मते त्याचा खरा विषय तोच आहे, बाटल्या नुसतं निमित्त. म्हणूनच मांडणीत दिवसचे दिवस जायचे, टेबलावर कागद पसरून त्यावर प्रत्येक वस्तूच्या बुडाभोवती पेन्सिलने खूण करायचा, एखादी हलली तर परत तिथेच ठेवता यावी म्हणून. रंगवणं त्यामानाने पटकन.

माणसाबद्दल थोडं. जन्म १८९० चा, बोलोन्यातच, आणि १९६४ मध्ये गेला तोही तिथेच. लग्न केलं नाही, आई आणि तीन बहिणींबरोबर व्हिया फोंदात्सा या रस्त्यावर राहिला, झोपायची आणि चित्रं काढायची खोली एकच, आणि तिथे जायला बहिणींच्या खोलीतून जावं लागायचं. १९३० ते १९५६ तिथल्या कला अकादमीत एचिंग, म्हणजे धातूच्या पत्र्यावर आम्लाने रेषा कोरून चित्र छापणं, शिकवलं. देशाबाहेर पहिल्यांदा गेला तो पासष्टी गाठल्यावर, तेही शेजारच्या स्वित्झर्लंडला. फ्रेंच चित्रकार सेझान त्याचा देव, पण तो त्याला सुरुवातीला भेटला पुस्तकातल्या काळ्यापांढऱ्या छापील फोटोंतून, त्यामुळे फोनवर चित्रं बघणाऱ्यांना मी फार बोलत नाही.

यावरून लोक त्याला लगेच संन्यासी करून टाकतात, ते मात्र मला पटत नाही. तरुणपणी द किरिको आणि कार्रा या इटालियन चित्रकारांच्या 'मेटाफिजिकल', म्हणजे स्वप्नासारख्या गूढ, चित्रकलेत तो होताच, १९४८ ला व्हेनिस बिएनाले या मोठ्या कलाप्रदर्शनात आणि १९५७ ला ब्राझीलमधल्या साओ पावलोच्या तशाच प्रदर्शनात बक्षिसं घेतली, आणि १९४३ मध्ये फॅसिस्टविरोधी मित्रांशी असलेल्या ओळखीपायी काही दिवस तुरुंगातही बसून आला. जगाशी संबंध नव्हता असं कसं म्हणणार. आणि फक्त बाटल्याच असंही नाही, उन्हाळ्यात ग्रित्साना गावी जाऊन निसर्गचित्रं काढायचा, त्या गावाने पुढे आपल्या नावात मोरांडी जोडून घेतलं.

घरी आल्यावर मीपण करून बघितलं. किचनच्या ओट्यावर वर्तमानपत्र, त्यावर चार बाटल्या, पेन्सिलच्या खुणा, सगळं रीतसर. एक बाटली बोटभर डावीकडे सरकवली तर बाकीच्या तीन चुकीच्या वाटायला लागल्या, त्या सरकवल्या तर पहिली चुकली, असं करत रविवारची सकाळ गेली. शेवटी जमलं असं वाटलं आणि ब्रश आणायला आत गेलो, तेवढ्यात आईने मधली बाटली उचलली. तिच्यात तेल होतं आणि कढई तापली होती.